ओरत्तनाडूची शाळा आणि कामाची भाषा

आजच्या व्याख्यानासाठी मला जो विषय नेमून देण्यात आला आहे, तो वरवर पाहता अगदी व्यावहारिक स्वरूपाचा आहे. आपले काम, आपली नोकरी आणि आपण निवडलेला व्यवसाय यांविषयी इंग्रजीतून कसे बोलावे, हा तो विषय. या विषयावरील पुस्तकांची बाजारात वाण नाही. मुलाखतीस गेल्यावर अभिवादन कसे करावे, खुर्चीवर कसे बसावे, ‘स्वतःविषयी काही सांगा’ असे विचारले असता कोणती पाच वाक्ये म्हणावीत, हे सारे त्यांत दिलेले असते. ती पाच वाक्ये पाठ करून गेलेला उमेदवार सहाव्या वाक्याशी अडखळतो, हेही आपण नित्य पाहतो. तो का अडखळतो, याचा विचार मला आज करावयाचा आहे. आणि तो तमिळनाडूतील ओरत्तनाडु या गावाच्या इतिहासाच्या आधारे करावयाचा आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील तपशिलाचा हेतू आपल्या ध्यानात येईल. काम आणि कामाची भाषा यांचा एक क्रम आहे. ज्याला आपले काम नीट ठाऊक आहे आणि ते स्वतःच्या भाषेत नीट सांगता येते, त्याला इंग्रजी ही एक जास्तीची वाट मिळते. ज्याने इंग्रजीलाच काम समजून तिची कास धरली, त्याच्या हाती बहुधा शब्दच राहतात. ओरत्तनाडूच्या शाळेत हा क्रम सरळ होता. पुढे तो उलटला. तो कसा उलटला, हे पाहण्याजोगे आहे.

ओरत्तनाडु हे तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. उत्तरेकडून रामेश्वराला जाणारे यात्रेकरू या भागातून जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या भोसले राजांनी वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. छत्र म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हे. तेथे निवारा, अन्न, औषध आणि विद्या या चारही गोष्टींची सोय असे. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी दुसऱ्या सरफोजी राजाने आपली प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या स्मरणार्थ ओरत्तनाडु येथे एक मोठे छत्र उभारले. त्यास मुक्तांबाळ छत्र असे म्हणतात आणि गावाला मुक्तांबाळपुरम् हे नावही त्यावरूनच पडले.

या छत्राच्या वेळची राजकीय परिस्थिती लक्षात घेतल्यावाचून त्याचे महत्त्व कळणार नाही. सरफोजी १७९८ साली गादीवर आला. पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या तहान्वये राज्याचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, त्याच्या आसपासचा थोडा मुलूख आणि वसुलाचा ठरावीक वाटा एवढेच राहिले. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहता या तहाचा अर्थ असा की, तंजावर मुलखातील सरकारी जागा ज्यांच्या हातून दिल्या जावयाच्या ते हात बदलले. चिटणीस, सबनीस, शिरस्तेदार यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या मोडी लिपी, मराठी हिशेब आणि फारसी परिभाषा ही कमाईची साधने होती. आता वरच्या कचेरीत इंग्रजी आली. कोणत्या मुलाने काय शिकावे, हा घराघरांतला प्रश्न त्या वर्षापासून निराळा झाला.

राजा स्वतः या बदलाचाच एक नमुना होता. जर्मन मिशनरी श्वार्त्स यांच्या देखरेखीखाली त्याचे बालपण गेले आणि पुढे मद्रासेस गेरिके यांच्याजवळ त्याचे शिक्षण झाले. त्याला इंग्रजी उत्तम येत असे; श्वार्त्स यांच्या तंजावर येथील स्मारकावर त्याने स्वतः रचलेल्या इंग्रजी पद्यपंक्ती कोरलेल्या आहेत. पण इंग्रजी आली म्हणून त्याने मराठी सोडली नाही. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात त्याने भोसले घराण्याचा जो प्रदीर्घ इतिहास कोरविला, तो मराठीत आहे. राजवाड्यात त्याने देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावलि’ हे मराठी भाषांतर तेथून प्रसिद्ध झाले. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक त्याच्याच नावावर आहे; त्यात कुरवंजीण, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, जगाचा भूगोल सांगते. युरोपातून आलेले ज्ञान तंजावरच्या रंगभूमीला परिचित असलेल्या पात्राच्या तोंडी घालण्याची ही कल्पना त्याची वृत्ती दाखविते. नवे ज्ञान हवे, पण ते आपल्या माणसांना आपल्या बोलीत सांगता आले पाहिजे, अशी ती वृत्ती होती.

मुक्तांबाळ छत्रातील शाळा याच वृत्तीतून निघाली. तेथे वेद आणि शास्त्रे यांचे पाठ होतेच. त्यांच्या जोडीला तमिळ, तेलुगु, मराठी, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी अशा भाषा शिकविल्या जात. ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यांतील प्रत्येक भाषेला कामाचे एक क्षेत्र होते. तमिळ ही शेताची, बाजाराची आणि घराची भाषा. तेलुगु ही संगीताची व दरबारी काव्याची. मराठी दफ्तराची, संस्कृत शास्त्राची, फारसी जुन्या राजनीतीची आणि इंग्रजी नव्या सत्तेची. मुलाने सगळ्या भाषा समान शिकाव्यात असा आग्रह नसून, त्याच्या कामाला जी लागेल ती त्याला मिळावी, अशी ती व्यवस्था होती.

छत्रांमधील शिक्षणाविषयी सरफोजीचेच एक महत्त्वाचे पत्र उपलब्ध आहे. १८०१ साली त्याने तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास ते लिहिले. छत्रांना लावून दिलेली गावे आपल्याकडे राहावीत, ही त्यामागची विनंती. छत्रांत काय काय चालते याचा वृत्तान्त राजाने त्यात दिला आहे. वाटसरूंना जातिभेद न पाहता अन्न मिळते, आजाऱ्यांना वैद्य मिळतो, बाळंतिणीची काळजी घेतली जाते, असे सांगून तो अनाथ मुलांकडे वळतो. परमुलखातून आलेल्या वाटसरूंची मुले पोरकी झाली तर ती शाळेच्या पंतोजीच्या हवाली केली जातात. त्यांना तीन वेळ जेवण, कपडे आणि औषध मिळते. ज्या विद्येची आवड ती मुले बोलून दाखवितील, ती त्यांना शिकविली जाते. आणि तीत ती पुरेशी तयार झाली म्हणजे त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रातून केला जातो. हा त्या वृत्तान्ताचा आशय आहे.

यातील आवडीविषयीचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्या काळी सुताराच्या मुलाने सुतार व्हावे आणि कारकुनाच्या मुलाने कारकून, हे जवळजवळ ठरलेले होते, त्या काळी आईबाप नसलेल्या परक्या मुलाला ‘तुला काय शिकावेसे वाटते?’ असे विचारले जात होते. ज्याच्यापाशी वडिलार्जित धंदा नाही, शिफारस करणारा मामा नाही आणि जातीचा आधारही नाही, त्याला निवड करावी लागते. म्हणून त्याला निवडीचा अधिकार देण्यात आला होता. सर्वांनाच तो होता असे कोणी समजू नये. पण हा विचार एका सरकारी पत्रात, तोही राज्यकारभार हातून गेल्यानंतर दोन वर्षांच्या आत, लिहिला गेला ही गोष्ट थोडी नव्हे. त्याचा क्रमही पाहा. आधी मुलाची आवड, मग विद्या, मग त्या विद्येतील पुरेशी तयारी आणि अखेरीस संसार. भाषा या क्रमात विद्येबरोबर येते. ती विद्येची जागा घेत नाही.

आता इंग्रजीचा प्रत्यक्ष लाभ कोणाला आणि कसा झाला, ते पाहू. तंजावरच्या मराठी घराण्यांतील काही तरुणांनी ही भाषा फार लवकर आत्मसात केली. त्यांपैकी एक सुब्बाराव. त्रावणकोरचे स्वाती तिरुनाळ लहान असताना त्यांना इंग्रजी शिकविण्यास त्यांची नेमणूक झाली आणि १८३० साली ते त्या संस्थानचे दिवाण झाले. लोक त्यांना ‘इंग्लिश सुब्बाराव’ म्हणून ओळखत. जोशी, कुलकर्णी, देशपांडे ही जशी कामावरून पडलेली नावे, तसेच हे. फरक इतकाच की, येथे भाषा हेच काम मानले गेले.

दुसरे उदाहरण सर टी. माधवराव यांचे. त्यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. कुळ तंजावरच्या मराठी देशस्थांचे. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल यांच्या हाताखाली ते शिकले. गणितात त्यांची गती असाधारण होती. थोडा काळ त्यांनी अध्यापन केले, नंतर अकौंटंट जनरलच्या कचेरीत हिशेबाचे काम केले आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून ते गेले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. त्रावणकोरात त्यांनी संस्थानचे कर्ज फेडले आणि व्यापारातील जुने मक्ते उठविले. माधवरावांच्या इंग्रजीची वाहवा पुष्कळ झाली. परंतु कर्जफेड इंग्रजीने होत नाही. ती जमाखर्चाच्या ज्ञानाने होते. त्यांचे इंग्रजी लोक ऐकून घेत, कारण त्यामागे आकडे होते. येथे हेही सांगितले पाहिजे की, माधवरावांचे वडील आणि चुलते हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेले होते. म्हणजे त्यांच्या घरी कामाची भाषा आधीपासून बोलली जात होती. छत्रातल्या पोरक्या मुलाला जी गोष्ट शाळेने द्यावयाची, ती माधवरावांना ओसरीवर मिळाली.

बडोद्यात माधवरावांनी केलेल्या एका कामाचा उल्लेख आपल्या विषयाशी अगदी निगडित आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकरी कुटुंबातील मुलगा दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसविण्यात आला. तोवर त्याचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांना राज्याधिकार मिळण्यापूर्वी माधवरावांनी त्यांच्यापुढे इंग्रजीतून व्याख्याने दिली. राजाने दिवस कसा घालवावा, कोणास भेटावे, हिशेब कसा तपासावा, कोणत्या कामात हात घालू नये, अशा गोष्टी त्यांत होत्या. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती पुढे छापली गेली. एक मराठी भाषिक दिवाण एका मराठी भाषिक मुलाला त्याचे काम इंग्रजीतून समजावून देत आहे, हे दृश्य आज चमत्कारिक वाटते. परंतु त्या मुलाने त्याचे काय केले ते पाहावे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये आपल्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि ते लोकांच्या भाषेत दिले. १९३१ साली त्यांच्या आश्रयाने ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश निघाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत आदी भाषांतले प्रतिशब्द त्यात दिले आहेत. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांपुढे संस्कृत शब्द ठेवले होते. हे काम त्याच परंपरेतले. परभाषेतून काम शिकलेल्या माणसाने ते काम पुन्हा लोकांच्या भाषेत आणून ठेवले.

परंतु मित्रहो, इंग्रजीचा आणि कामाचा संबंध केवळ दिवाणांपुरता नव्हता. याच कावेरीच्या खोऱ्यातून, नागपट्टणम् आणि मद्रास या बंदरांतून, एकोणिसाव्या शतकात हजारो माणसे मजुरीसाठी समुद्रापार गेली. सिलोन, मलाया, मॉरिशस, नाताळ येथील मळ्यांवर त्यांनी काम केले. नाताळसारख्या वसाहतींत जाताना त्यांच्याशी जो करार होई, त्याला इंग्रजीत ‘अ‍ॅग्रीमेंट’ म्हणत. मजुरांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले. त्या कागदावर कामाचे तास होते, मुदत होती, वेतन होते. ज्याने त्याखाली अंगठा उठविला त्याला यातले काही वाचता येत नव्हते. ‘कुली’ हा शब्दही याच संदर्भात पाहण्याजोगा आहे. तमिळमध्ये ‘कूलि’ म्हणजे मजुरी, कामाचा मोबदला. इंग्रजीतील शब्द या तमिळ शब्दावरून आला असे एक मत आहे. ‘कोळी’ या जातिनामावरून आला असे दुसरे. पहिले मत ग्राह्य धरले तर जे मोबदल्याचे नाव होते, तेच माणसाचे नाव होऊन बसले असे म्हणावे लागते.

१८९४ साली डरबनमध्ये बालसुंदरम् नावाचा एक तमिळ गिरमिटिया गांधीजींच्या कचेरीत आला. मालकाने त्याला इतके मारले होते की त्याचे दात पडले होते. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि गांधीजींना तेव्हा तमिळ येत नव्हते. कचेरीतील तमिळ कारकुनाने त्याची हकीकत गांधीजींना सांगितली. गांधीजींनी त्याला डॉक्टरकडे पाठविले, दाखला घेतला, मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले आणि शेवटी त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे वर्ग करवून घेतला. या प्रसंगात त्या कारकुनाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. इंग्रजी शिकून मिळविलेल्या नोकरीचा त्याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. ज्याला बोलता येत नाही त्याचे म्हणणे, जेथे ते ऐकले जाईल तेथे पोहोचविणे, हे त्याचे काम होते. आणि त्यासाठी त्याला दोन्ही भाषा यावयास हव्या होत्या. तमिळ विसरलेला कारकून तेथे निरुपयोगी ठरला असता.

मग क्रम उलटला तो कोठे? १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी असा ठराव केला की, सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम द्यावा. १८५५ साली तंजावरचा शेवटचा राजा शिवाजी निपुत्रिक वारला आणि ते राज्य खालसा झाले. दरबारावर अवलंबून असलेल्या मराठी कुटुंबांना दुसरा आधार शोधणे भाग पडले. १८५७ मध्ये मद्रास विद्यापीठ स्थापन झाले. या तिन्ही घटनांचा एकत्रित परिणाम असा झाला की, शाळेत जाणे म्हणजे इंग्रजी शिकणे आणि इंग्रजी शिकणे म्हणजे कचेरीत लागणे, असे समीकरण रूढ झाले. ‘तुला काय शिकावेसे वाटते?’ हा प्रश्न मागे पडून ‘तुला इंग्रजी येते काय?’ हा प्रश्न पुढे आला.

या बदलाची खूण शब्दांतही राहिली आहे. संस्कृत ‘उद्योग’ हा शब्द मराठीत आहे आणि तमिळमध्येही आहे. मराठीत उद्योग म्हणजे खटपट, परिश्रम, कारखानदारी; उद्योगी माणूस म्हणजे हातपाय हलविणारा माणूस. तमिळमध्ये ‘उत्तियोगम्’ म्हणजे पगाराची जागा, त्यातही विशेषेकरून कचेरीतील. एकच शब्द एका भाषेत हाताकडे गेला आणि दुसरीत खुर्चीकडे. यावरून मराठी माणसाने शेखी मिरविण्याचे कारण नाही. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘नोकरीला आहे’ हे उत्तर आपल्याकडेही पुरेसे समजतात. तो नोकरीत नेमके काय करतो, हे विचारण्याची गरज लग्न जुळवितानाही कोणास वाटत नाही.

आता मुलाखतीत अडखळणाऱ्या आपल्या उमेदवाराकडे वळू. तो अडखळतो याचे कारण त्याचे व्याकरण कच्चे असते, असे आपण समजतो. व्याकरणाची अडचण खरी आहे. तिच्याविषयी दोन-चार गोष्टी सांगतो. इंग्रजीत ‘वर्क’ म्हणजे काम आणि ‘जॉब’ म्हणजे नोकरीची जागा किंवा हाती घेतलेले एखादे सुटे काम. ‘जॉब’ मोजता येतो, एक जॉब, दोन जॉब. ‘वर्क’ त्या अर्थी मोजता येत नाही, आणि त्याचे ‘वर्क्स’ केले की कारखाना किंवा बांधकाम असा निराळाच अर्थ होतो. कायमच्या कामाविषयी सांगताना ‘आय वर्क’ म्हणावे. ‘आय अ‍ॅम वर्किंग’ म्हटल्यास ते काम सध्यापुरते आहे, असे ऐकणारा समजतो. आपल्याकडे पदवी घेतलेल्यास ‘पास्ड आउट’ म्हणतात. परदेशी माणसाला त्यावरून उमेदवार बेशुद्ध पडला होता असे वाटण्याचा संभव असतो. आणि ‘करिअर’ या शब्दाचे मूळ गाडीच्या रस्त्याचा अर्थ असलेल्या शब्दात आहे. ती एक जागा नसून पुष्कळ अंतराची वाटचाल आहे, इतके ध्यानात ठेवले तर ‘तुमचे करिअर काय?’ या प्रश्नाला एका पदाचे नाव सांगून आपण थांबणार नाही.

परंतु या चुका महिन्याभरात सुधारता येतात. खरी अडचण निराळी आहे. ओरत्तनाडु परिसरातील एखादी विद्यार्थिनी घ्या. तिच्या घरी भाताची शेती आहे. ग्रँड अ‍ॅनिकट कालव्याचे पाणी या भागाला मिळू लागले ते १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाल्यानंतर. पाणी केव्हा सुटते, कुरुवै पीक घ्यावे की सांबा, रोप किती दिवसांचे झाले म्हणजे लावणी करावी, लावणीला माणसे मिळाली नाहीत तर काय करावे, या सर्व चर्चा तिने लहानपणापासून ऐकल्या आहेत. कदाचित वहीत हिशेबही तिनेच लिहिला आहे. मुलाखतीत तिला घरच्या व्यवसायाविषयी विचारले जाते आणि ती ‘अ‍ॅग्रिकल्चर’ एवढा एकच शब्द उच्चारून गप्प बसते. तिला इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. हे सर्व काम म्हणून सांगण्याजोगे आहे, असे तिला कोणी कधी सांगितलेलेच नाही. शाळेने तिला ‘माय एम इन लाइफ’ या विषयावर निबंध लिहावयास लावला. घरी चालणाऱ्या कामाविषयी एक पानही लिहवून घेतले नाही.

यावर उपाय काय? तोही सरफोजीच्याच दफ्तरात सापडतो. या राजाने तंजावरात नेत्ररुग्णांवर उपचार करविले आणि त्या रुग्णांची टिपणे ठेविली. डोळ्यांच्या चित्रांसह इंग्रजीत लिहिलेली ही टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाली आहेत. रुग्ण आला तेव्हा डोळ्याची अवस्था काय होती, कोणता उपचार केला आणि नंतर काय दिसून आले, एवढेच त्यांत असते. विशेषणे नाहीत, आत्मस्तुती नाही. कोणत्याही कामाविषयी कोणत्याही भाषेत बोलावयाचे तर यापरता चांगला नमुना नाही. आधी काय होते, मी काय केले, त्याने काय झाले. ही तीन वाक्ये आपल्या विद्यार्थ्याने प्रथम मातृभाषेत लिहावीत. त्यांत एखादा आकडा असावा: किती एकर, किती दिवस, किती माणसे, किती रुपये. एखादे कारण असावे. मग तीच वाक्ये इंग्रजीत करावीत. प्रत्येक वाक्यात क्रियापद असले म्हणजे झाले. मोठ्या नामांची गरज पडत नाही. ‘आय अ‍ॅम हार्डवर्किंग’ असे सांगणाऱ्या शंभर उमेदवारांपेक्षा, गेल्या हंगामात पाणी उशिरा आले तेव्हा आम्ही कमी मुदतीचे वाण घेतले आणि त्याचा हिशेब मी ठेविला, असे साध्या, प्रसंगी अशुद्ध इंग्रजीत सांगणारी मुलगी ऐकणाऱ्याच्या स्मरणात राहते.

ओरत्तनाडु येथे २०१२ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील विद्यार्थ्याचे पुढील आयुष्य कसे असेल, याची कल्पना करा. आजारी गायीविषयी तो मालकिणीला तमिळमध्ये विचारणार: चारा खाते काय, रवंथ करते काय, दूध केव्हापासून आटले. नोंदवहीत तो हेच इंग्रजीत लिहिणार. तमिळमध्ये प्रश्न नीट विचारला नाही तर इंग्रजीतील नोंद कितीही सफाईदार असली तरी चुकीची ठरेल आणि गाय दगावेल. उलट, इंग्रजी येत नसेल तर नव्या संशोधनापासून तो वंचित राहील. दोन्ही भाषा आवश्यक आहेत. पण गाय प्रथम आहे. तमिळनाडूने १९६८ पासून तमिळ आणि इंग्रजी असे द्विभाषासूत्र स्वीकारले आहे. तेथील शासनाने २०२२ मध्ये ‘नान् मुदल्वन्’ ही योजना सुरू केली; विद्यार्थ्यांना कौशल्ये, व्यवसायाचे मार्गदर्शन आणि इंग्रजी संभाषण शिकवावे, असा तिचा उद्देश आहे. अशा योजना आवश्यकच आहेत. त्यांचे यश मात्र किती मुले इंग्रजी बोलू लागली यावर मोजू नये. किती मुलांना आपली आवड बोलून दाखविता आली, यावर मोजावे.

आणि येथे मला पालकांना काही सांगावयाचे आहे. इंग्रजीची आपली ओढ अज्ञानातून आलेली नाही. ज्यांच्या पूर्वजांनी न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठे उठविले, त्यांना आपल्या मुलाला तो कागद वाचता यावा असे वाटणे हे शहाणपणाचे आहे. मराठी किंवा तमिळ यांच्या अभिमानापोटी कोणी त्यांना इंग्रजीपासून परावृत्त करू नये. असा उपदेश करणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा इंग्रजी शाळेतच असतात. माझे सांगणे इतकेच की, भीतीने केलेली निवड ही निवड नव्हे. इंग्रजीतून बोलता येणारी परंतु सांगण्याजोगे काही नसलेली मुले आपण तयार करू, तर मजुराला इंग्रजी येत नव्हते तेव्हा जे त्याच्या वाट्यास आले, तेच थोड्या स्वच्छ कपड्यांत यांच्या वाट्यास येईल. दुसऱ्याने लिहिलेल्या करारावर ती सही करतील. तो वाचतील, पण त्यात आपले म्हणून काही घालू शकणार नाहीत.

मुक्तांबाळ छत्राच्या वास्तूत राजांचा काळ संपल्यानंतरही शाळा भरत राहिली आणि विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय होत राहिली. त्या छत्रातील ज्या मुलांना आवड विचारली गेली, त्यांतील एकाचेही नाव आपणास ठाऊक नाही. इतिहासात सुब्बाराव राहिले, माधवराव राहिले. पण एखादे पोरके मूल वैद्य झाले असेल, एखादे लेखक, एखादे दुभाषी. त्यांना काम मिळाले, त्यांची लग्ने झाली, त्यांचे संसार चालले. शाळेकडून सामान्य माणसाची याहून अधिक अपेक्षा नसते आणि ती पुरी करणे सोपेही नसते. आपण शिक्षक असाल तर उद्या वर्गात गेल्यावर प्रत्येक मुलास त्याच्या घरी चालणारे एक काम आधी त्याच्या भाषेत सांगावयास लावा, नंतर इंग्रजीत. आणि मग त्याला स्वतःला काय करावेसे वाटते ते विचारा. उत्तर यावयास वेळ लागेल. तोपर्यंत थांबावे.